जुन्या संगणकास नवें घर



निफाड तालुक्यांतील पुष्कळ जुन्या घरांत मोडी लिपींतील कागद जपून ठेवलेले आढळतात. शाई शाबूत असते, कागदहि धड असतो. परंतु वाचणारा मिळत नाहीं, म्हणून तो कागद मुका होऊन बसतो. अवघ्या पंचवीस वर्षांपूर्वींच्या लेखनाचीहि हीच अवस्था होऊं शकते असें सांगितल्यास तुम्हांस नवल वाटेल.

आपल्या शाळेच्या एका जुन्या वार्षिक अंकाच्या छापील प्रती वाळवीनें खाल्ल्या. राहिली ती केवळ त्या मजकुराची एक सीडी. त्या अंकांत लिहिणारीं कांहीं मुलें आज तुमच्यापैकीं कित्येकांचे आईबाप आहेत. त्यांतील एका मातेनें, इयत्ता नववींत असतांना आपल्या आजोबांवर लिहिलेला लेख गेल्या वर्षीं आमच्याकडे मागितला. आजोबा आतां हयात नाहींत, आणि त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवलेलें असें घरांत दुसरें कांहींच नाहीं. सीडी उघडून पाहिली, तों आजच्या संगणकास ती फाइल ओळखतांच येईना. पुढें काय केलें, कोठें अडलें व कां अडलें, तें क्रमानें सांगतों.

तो अंक विंडोज ९८ या प्रणालीवर, पेजमेकर या कार्यक्रमांत जुळविलेला होता. विंडोज ९८ चें साहाय्य तिच्या कर्त्यांनीं ११ जुलै २००६ रोजीं थांबविलें, आणि शाळेंतील तें यंत्र तर केव्हांच भंगारांत गेलें. यास्तव आम्हीं एम्युलेटरचा आश्रय केला. एम्युलेटर म्हणजे दुसऱ्या यंत्राचें सोंग घेणारा कार्यक्रम होय. जुना प्रोसेसर, जुनी डिस्क, फ्लॉपीचा व सीडीचा खण या सर्वांची तो अशी बतावणी करतो कीं, आंत बसविलेल्या प्रणालीस आपण आपल्याच काळच्या यंत्रावर आहों असें वाटावें. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर थॉम्पसन द्राक्षाचें कलम बांधतात; खुंट जमिनीस मानवणारा, फळ मात्र कलमाचें. येथेंहि खुंट नवा व कलम जुनें. ८६बॉक्स, क्यूएमू असे एम्युलेटर विनामूल्य मिळतात. प्रणालीची सीडी व परवान्याचा क्रमांक मात्र रीतसर विकत घेतलेला असावा. आमचा सुदैवानें कपाटांत सांपडला.

पहिली अडचण डिस्कची. एम्युलेटरनें दिलेली डिस्क अगदीं कोरी असते. बांध घालून नांगरट केल्यावांचून पेरणी होत नाहीं. तद्वत् प्रथम एफडिस्क या आज्ञेनें विभाग पाडावा, यंत्र पुन्हां सुरू करावें, आणि मगच फॉरमॅट ही आज्ञा द्यावी. आम्हीं मधलें पाऊल गाळलें आणि फॉरमॅटची आज्ञा फुकट गेली. एफडिस्क प्रारंभीं मोठ्या डिस्कचा आधार हवा काय असें विचारतें. त्यास होय म्हणावें, नाहीं तर एक विभाग २ जीबीहून मोठा होत नाहीं. सर्व मिळून ४ जीबीची डिस्क पुरे होते.

दुसरी अडचण मोठी गमतीची होती. आदल्या दिवशीं डी या अक्षरावर दिसलेली सीडी दुसऱ्या दिवशीं तेथें नव्हती! विंडोज ९८ ची आरंभीची फ्लॉपी स्मृतींत एक तात्पुरती डिस्क उभी करते व तीहि एक अक्षर घेते. मूळ डिस्क कोरी होती तोंवर तात्पुरत्या डिस्कला सी व सीडीला डी मिळालें. विभाग पडल्यावर सी हें अक्षर त्यास गेलें व बाकीचीं दोन्ही एकेक घर पुढें सरकलीं. सीडी ई वर सुखरूप होती. तिच्यावरील फाइली आम्हीं प्रथम डिस्कवर उतरवून घेतल्या व तेथूनच स्थापना केली, म्हणजे पुढें वारंवार सीडी मागितली जात नाहीं.

तिसऱ्या अडचणीनें आमचे दोन शनिवार खाल्ले. जुन्या पाहुण्यास कांहीं कमी पडूं नये म्हणून आम्हीं २०४८ एमबी स्मृति दिली होती. फाइलींची नक्कल झाली, यंत्र पुन्हां सुरू झालें, आणि पडद्यावर सूचना आली कीं स्मृति अपुरी आहे. वस्तुतः या प्रणालीची किमान मागणी १६ एमबीची! खरें कारण अगदीं उलट होतें. डिस्कवरील मजकूर हाताशीं ठेवणारा तिचा एक भाग स्मृतीच्या प्रमाणांत आपली जागा वाढवितो. स्मृति ५१२ एमबीच्या पुढें गेली कीं तो प्रणालीच्या कामाची राखीव जागाच व्यापून टाकतो. आंकडा २५६ वर आणतांच गाडी चालूं लागली. तिची वडील बहीण विंडोज ९५ हिला तर वेगहि बाधतो. ती ठराविक फेऱ्यांस लागणारा वेळ मोजते. प्रोसेसर फार वेगवान असला कीं तो वेळ शून्य ठरतो, आणि शून्यानें भागण्याचा प्रसंग आला म्हणजे काय होतें तें गणिताच्या तासास तुम्ही शिकलांच आहां.

चौथी अडचण पडद्याची. रंग सोळाच, चित्र ओबडधोबड. एम्युलेटर ज्या चित्रपत्राची बतावणी करीत होता त्याची या प्रणालीस ओळखच नव्हती. त्याऐवजीं तिच्या माहितीचें सिर्रस लॉजिकचें पत्र निवडल्यावर पडदा स्वच्छ झाला. त्यानंतर पेजमेकर बसविलें व फाइल उघडली. पण लेखाच्या जागीं इंग्रजी अक्षरें व चिन्हें यांचा काला! त्या काळीं श्रीलिपि, आकृति अशीं पॅकेजें प्रचारांत होतीं व प्रत्येकाची मांडणी निराळी. फाइलींत सांठविलेले असत ते इंग्रजी अक्षरांचेच संकेतांक. मराठी मुखवटा चढवीत असे तो फाँट. युनिकोडनें देवनागरीस १९९१ सालींच स्थान दिलें होतें, परंतु विंडोजच्या घराण्यांत त्याचा आधार विंडोज २००० पासून मिळाला. सीडीच्याच एका कप्प्यांत मूळ फाँट होता. तो बसवितांच मराठी ओळी उमटल्या.

नंतर तो मजकूर युनिकोडमध्यें पालटून घेतला व एक एक शब्द ताडून पाहिला. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं सांठविलेली असते, युनिकोडांत ती नंतर येते. रफाराचाहि असाच घोळ होतो. हें काम नववीच्या मुलांनीं केलें.

या खटाटोपांतून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. यंत्राची सूचना म्हणजे दुखणें कोठें आहे तें सांगणारा रोगी. कारण शोधणें हें वैद्याचें काम. ‘स्मृति अपुरी’ असें त्यानें म्हटलें म्हणून आम्ही अधिकाधिक स्मृति देत राहिलों, आणि त्यांतच दोन शनिवार गेले. दुसरी गोष्ट ही कीं, एका वेळीं एकच फरक करावा, तो वहींत टिपावा, आणि फरकापूर्वीं डिस्कच्या फाइलीची एक प्रत निराळी ठेवावी. आमची वही नसती तर सीडीचें अक्षर कां बदललें हें आम्हांस कधींच उमगलें नसतें.

पालकांसहि एक विनंति आहे. घरांत जुन्या सीडी किंवा फ्लॉपी असतील, तर त्या वाचणारें यंत्र मिळतें आहे तोंवरच त्यांतील मजकूर युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा, आणि त्याची एक छापील प्रतहि काढून ठेवावी.

तो लेख छापून त्या मातेच्या हातीं दिला. तो अवघ्या दीड पानाचा आहे. घरीं तो आतां तिची मुलगी मोठ्यानें वाचून दाखविते.