सीटी स्कॅननंतर ठणकणारी शीर

कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय असो वा राजारामपुरीतलं एखादं स्कॅन सेंटर, कॉन्ट्रास्टचं औषध शिरेत गेलं की अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते. ते मिनिटभरात ओसरतं. शीर मात्र कधीकधी दोन दिवसांनी ठणकू लागते. कॉन्ट्रास्टचं हे आयोडीनयुक्त औषध रक्तापेक्षा दाट, आणि यंत्र ते सेकंदाला ३-४ मिलिलिटर वेगाने ढकलतं. सुई आणि औषधामुळे शिरेचं नाजूक अस्तर चिडतं, सुजतं. कधी आत गुठळी धरते आणि कोपराखाली सुतळीसारखी कडक रेघ बोटाला लागते. वरवरच्या शिरेतली ही गुठळी सहसा घातक नसते, पण विरायला काही आठवडे घेते. कोमट शेक द्या, हात उशीवर उंच ठेवा. चोळू नका, आजी कितीही म्हणाली तरी. लाली पसरली, ताप आला किंवा सगळा हातच सुजला, तर थेट डॉक्टर गाठा.