सीमोल्लंघनासाठी पहिली मोटारसायकल

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. खंडेनवमीस शस्त्रे व अवजारे पुजावीत आणि दुसऱ्या दिवशी वेस ओलांडून आपट्याचे सोने लुटावे, ही आपली रीत. घोड्याची जागा मोटारसायकलीने घेतली, झेंडूची माळ मात्र तीच राहिली. छत्रपती संभाजीनगरला हे अधिकच साजते. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून दुचाकी ही या शहराची रोजीरोटीही आहे. तिकडे कर्णपुऱ्यात देवीची यात्रा भरलेली असते आणि इकडे शोरूमपुढे पेढ्यांचे पुडे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे उभी असतात.

त्यांतील पुष्कळांच्या मनात महामार्ग असतो. पण कोणता? समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो खरा, परंतु त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. तेव्हा नवशिक्याच्या वाट्यास येतो तो धुळे-सोलापूर किंवा जालन्याचा रस्ता. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलीस कायद्याने ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. सारी निवड या एका आकड्यावरून करावी, असे आमचे मत आहे. जी गाडी ८० च्या वेगात कण्हत नाही, हँडलला मुंग्या आणीत नाही आणि मालट्रक ओलांडण्यापुरता दम राखून असते, ती पुरे. शंभर सीसीची गाडी ८० गाठते, पण मागे माणूस बसला की तिचा दम संपतो. एकट्याने जाणाऱ्यास १२५ सीसी चालेल. दोघांसाठी १५० ते १६० सीसी हा मध्यममार्ग.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि थोरल्या गाडीचा मोहही बळावला. साडेतीनशे सीसीची बुलेट सुमारे १९५ किलोची. आडव्या वाऱ्यात ते वजन उपकारक ठरते हे खरे. परंतु पैठण गेटच्या गर्दीत गाडी एका अंगाला कलली की नवशिक्याचे मनगट तिला सावरू शकत नाही. आसनावर बसून दोन्ही पाय जमिनीस टेकतात काय, हे रंग पाहण्याआधी पाहावे. (चिरंजीव रंगच आधी पाहतात, त्याला इलाज नाही.)

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. २०१९ पासून १२५ सीसीवरील गाड्यांस एबीएस सक्तीचे आहे. चाक जागच्या जागी जखडून गाडी घसरू नये म्हणून ते ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडते व धरते. ते केवळ पुढच्या चाकास आहे की दोन्ही चाकांस, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे आणि परवडत असेल तर दोन्ही चाकांचे घ्यावे. दिव्याचा झोतही अंधारात पडताळावा, कारण दसऱ्यानंतर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि त्यांतील कित्येकींस मागे लाल दिवा नसतो. आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेटे गाडीच्या किमतीतच धरावीत. मागे बसणाऱ्याचे डोके काही निराळे नसते.

आता दसऱ्याच्याच दिवशी कोरी गाडी घेऊन थेट तुळजापूर गाठण्याच्या हौसेविषयी. भक्तीस आमचा नमस्कार. पण तुळजापूर सुमारे अडीचशे किलोमीटर. कोऱ्या टायरांचा गुळगुळीतपणा जाण्यास शंभर-दीडशे किलोमीटर लागतात आणि पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत इंजिनास एकसारखा मोठा वेग सोसत नाही. त्यात चालवणाराही नवा! आईभवानी पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत थांबेल. मुहूर्त साधावयाचा तर दौलताबादेवरून वेरूळ आहे: तीसेक किलोमीटर, मध्ये किल्ल्याचा अरुंद दरवाजा आणि पुढे घाट, म्हणजे क्लच, गिअर व ब्रेक या तिन्हींची परीक्षा. माळ पुढच्या चाकात वा ब्रेकच्या दांडीत अडकणार नाही अशी बांधून सकाळी निघावे, घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे आणि दिवेलागणीपूर्वी सोने वाटावयास घरी यावे.