‘लाइन तर डिजिटल आहे!’

“लाइन त डिजिटल हाय न भाऊ, मंग काहून लागत नाही?” हा प्रश्न मी घाटावर चिखली-मेहकरात ऐकलाय आणि घाटाखाली खामगाव-मलकापुरातही ऐकलाय. १७२२३३ फिरवून संचारनेटची जोडणी घ्यायच्या दिवसांत तो विचारला जायचा. डायल-अप इंटरनेट जाऊन जमाना झाला, तरी आजही विचारला जातो, कारण मोडेम अजून संपलेले नाहीत. वकिलाच्या कचेरीतल्या फॅक्समध्ये मोडेम आहे, जुन्या कार्ड मशीनमध्ये आहे आणि तिजोरीला हात लागला की फोनवरून खबर देणाऱ्या काही अलार्ममध्येही आहे. तांब्याची तार निघून फायबर आलं की यातलं एकेक यंत्र बंद पडतं. मग जोडणी करून देणारा सांगतो, “आता लाइन डिजिटल केली साहेब, तुमचं मशीनच जुनं झालं.” चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आता थांबायला हवा, म्हणून हा खुलासा.

गैरसमज असा: मोडेम डेटा पाठवतो, डिजिटल लाइन डेटासाठीच असते, म्हणून डिजिटल लाइनवर मोडेम जास्त चांगला चालला पाहिजे.

वस्तुस्थिती: मोडेम लाइनवर आवाज पाठवतो. टेलिफोनचं जाळं माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेलं आहे आणि त्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाजाचा पट्टा जातो. संगणकातले शून्य आणि एक या पट्ट्यात बसतील अशा आवाजात बदलायचे आणि पलीकडे त्या आवाजातून परत शून्य-एक काढायचे, एवढंच मोडेमचं काम. जोडणी होताना जी किंचाळी आणि खरखर ऐकू यायची, ती दोन मोडेमची आपसांतली बोलणी होती.

आता एक्सचेंज डिजिटल झालं म्हणजे काय झालं? १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेची छोटी ग्रामीण एक्सचेंज आली, मोठ्या गावांत ई-टेन-बी आणि इतर डिजिटल एक्सचेंज आली. पण एक्सचेंजपासून तुमच्या घरातल्या रोझेटपर्यंत तांब्याची तीच जोडी राहिली आणि तिच्यावरून तोच आवाज जात राहिला. तो एक्सचेंजमध्ये पोचला की तिथलं लाइन कार्ड सेकंदाला ८००० वेळा त्याचं माप घेतं आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितं. गुणाकार करा: सेकंदाला ६४,००० बिट. ज्यांना शंका असेल त्यांनी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.७११ ही शिफारस काढून पाहावी, १९७२ पासून ती उपलब्ध आहे. ८ बिटांत २५६ पायऱ्या बसतात. खरं माप दोन पायऱ्यांच्या मध्ये पडलं, तर ते जवळच्या पायरीवर ढकललं जातं. माणसाच्या कानाला हा फरक कळत नाही. मोडेमला कळतो, कारण त्याचा सगळा मजकूर अशा बारीक फरकांतच भरलेला असतो. एक्सचेंजला मात्र या आवाजाच्या आत कुणाचा ईमेल आहे याचा पत्ताही नसतो.

म्हणजे प्रवास असा: संगणकाचे अंक, त्यांचा आवाज, आवाजाचे दुसरेच अंक, त्यांचा परत आवाज आणि शेवटी परत संगणकाचे अंक. आवाज मोजून अंकांत लिहिण्याच्या प्रत्येक पायरीला थोडी झीज होते. व्ही.३४ जातीचे मोडेम ३३.६ किलोबिटला अडकले, त्यामागे हीच झीज होती.

या गैरसमजाला अर्धा आधार आहे, तोही सांगितला पाहिजे. १९९८ साली व्ही.९० हे मानक आलं आणि ‘५६ के’ मोडेम त्यावर चालू लागले. इंटरनेट पुरवणाऱ्याचं टोक थेट डिजिटल जोडलेलं असतं, तिथून तुमच्याकडे येताना आवाज मोजून अंकांत लिहावा लागतच नाही, ही गोष्ट व्ही.९० ने हेरली. त्यामुळे तिकडून येणारा वेग ५६ पर्यंत नेता आला. तुमच्याकडून जाणारा ३३.६ वरच राहिला. हे डिजिटल एक्सचेंजशिवाय शक्य नव्हतं, मान्य. पण त्याची अट कडक होती: पुरवठादारापासून तुमच्यापर्यंत अंकांचा आवाज एकदाच व्हायला हवा आणि तोही तुमच्या घराला तार देणाऱ्या एक्सचेंजमध्ये. वाटेत आणखी एक रूपांतर शिरलं की ५६ विसरा.

आणि आपल्याकडे ते दुसरं रूपांतर हमखास शिरायचं. डीपीमध्ये, म्हणजे खांबावरच्या वाटणी-पेटीत, रिकामी जोडी शिल्लक नाही, नवा फोन तर द्यायचाय, मग एकाच जोडीवर दोन फोन चालवणारी पेअर-गेनची पेटी बसायची. ऑफिसात ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्सचेंज, असायचा. खामगावात एका कापूस व्यापाऱ्याच्या पेढीवर नवा मोडेम आणून झाला होता, विंडोज पुन्हा टाकून झालं होतं, तरी पडद्यावर कोपऱ्यातल्या दोन छोट्या संगणकांच्या चित्रावर बाण नेला की आकडा २६,४०० च्या वर हलत नव्हता. भिंतीवरची तार धरून मागे मागे गेलो तेव्हा खांबावर ती पेटी सापडली. लाइनमनने दुसरी जोडी शोधून लाइन सरळ करून दिली आणि त्याच मोडेमने त्याच संगणकावर ४४,००० दाखवले. बोलताना मात्र फोन आधीही स्वच्छ होता आणि नंतरही.

म्हणूनच “आवाज स्वच्छ येतो, म्हणजे लाइन चांगली” या वाक्याची मला चीड येते. डिजिटल जाळ्यात दोन एक्सचेंजची घड्याळं एका तालात चालावी लागतात. ताल थोडा चुकला तर एक माप गळतं किंवा दोनदा येतं. याला स्लिप म्हणतात. त्यात १२५ मायक्रोसेकंदांचा आवाज जातो. बोलणाऱ्याला फार तर बारीक ‘टक्’ ऐकू येईल, तेही येईलच असं नाही. मोडेमची मात्र लय तुटते आणि तो जोडणी पुन्हा जुळवू लागतो किंवा सोडून देतो. ही अडचण इतकी ओळखीची आहे, की किती स्लिप चालतील याच्या मर्यादा ठरवायला संघाने जी.८२२ ही स्वतंत्र शिफारस केली आहे. जोडणी दरवेळी साधारण तेवढ्याच मिनिटांनी तुटत असेल, तर मोडेम बदलू नका. एक्सचेंजला लेखी कळवा आणि तुटण्याच्या वेळा मांडून द्या. “नेट चालत नाही” या तक्रारीवर कुणी घड्याळ तपासत नाही. वेळांच्या यादीवर तपासावं लागतं.

याहून वाईट दशा होते ती आवाज दाबून पाठवणाऱ्या लाइनवर. तार पोचली नाही अशा गावांत बिनतारी डब्ल्यूएलएल फोन आले, पुढे सिमकार्डावर चालणारे टेबलफोन आले. त्यांच्या मागे टेलिफोनचं साधं छिद्र दिसलं की लोक त्यात मोडेम खुपसायचे. पण तिथे ६४ किलोबिट कुठले? जीएसएमचा मूळ कोडेक, म्हणजे आवाजाचे अंक करण्याची त्याची पद्धत, सेकंदाला १३ किलोबिटांत बोलणं बसवतो, जी.७२९ तर ८ किलोबिटांत. ते आवाज जसाच्या तसा पाठवतच नाहीत. कीर्तन ऐकून आलेल्या माणसाने घरी त्याचं सार सांगावं, तसं ते बोलण्याचं सार पाठवतात आणि पलीकडे त्यावरून नवा आवाज घडवतात. माणसाला अर्थ पोचतो. मोडेमला अक्षर न् अक्षर हवं असतं, ते वाटेतच गेलेलं असतं. तिथे कोणतीही सेटिंग, कोणताही महागडा मोडेम उपयोगाचा नाही. त्याच डब्ल्यूएलएल संचाला डेटा केबल लावून संगणक जोडला की इंटरनेट चालायचं, कारण तेव्हा आवाजाचं सोंग घ्यावं लागत नव्हतं. बिट थेट बिट म्हणूनच जायचे.

फायबरच्या डब्याचा फोनही याच जातीचा, फक्त थोडा सुधारता येण्याजोगा. त्यात बोलण्याचे पॅकेट होतात. एखादं पॅकेट हरवलं तर डबा अंदाजाने ती जागा भरतो, कानाला फसवतो. फॅक्स फसत नाही. इथे पुरवठादाराकडे नेमकं मागायचं ते असं: आवाजासाठी जी.७११ कोडेक ठेवा, त्या लाइनवर शांततेत आवाज तोडण्याची सोय बंद करा आणि फॅक्स असेल तर टी.३८ चालू करा. प्रतिध्वनी मारणारी यंत्रणाही मोडेमच्या आड येते. उत्तर देणारा मोडेम २१०० हर्ट्‌झचा सूर काढतो तो तिला गप्प बसवण्यासाठीच, पण प्रत्येक डबा तो सूर ओळखतोच असं नाही. आपल्या बाजूने फॅक्सचा वेग ९६०० वर आणावा. कार्ड मशीनसारखी १२०० किंवा २४०० च्या वेगाने बोलणारी यंत्रं अशा लाइनवर बऱ्याचदा तगतात. ३३.६ चा हट्ट धरणारी पडतात.

दोष शोधायचा तो क्रमाने. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तांब्याची लाइन असेल तर आधी घरातले सगळे जोडफोन काढा आणि मोडेमची तार थेट रोझेटला लावा. रिसीव्हर खाली असताना मल्टिमीटरवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसायला हवेत. फारच कमी दिसले तर जोडीत ओल किंवा गळती आहे आणि पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की हेच होतं. मग एखादा आकडा दाबून टोन घालवा आणि शांततेत कान द्या. घूं असा आवाज असेल तर जमिनीशी संपर्क आलाय किंवा विजेच्या तारेचा परिणाम आहे. मलकापूर-नांदुरा-शेगाव पट्ट्यात रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारा आहेत. त्यांना समांतर गेलेल्या तांब्याच्या केबलमध्ये अशी घूंघूं शिरू शकते. हे सगळं ठीक निघालं, मगच पडद्यावरचा वेग पाहा. चाळिसाच्या वर असेल तर वाटेत रूपांतर एकच आहे. कायम ३३ च्या खाली असेल तर दुसरं शोधा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘नो डायल टोन’ आलं म्हणजे फोन डेड: नाही. आपला डायल टोन ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झने थरथरणारा. अमेरिकेचा सूर वेगळा आणि तिकडच्या सेटिंगवरचा मोडेम आपला सूर ओळखत नाही. सेटिंगमध्ये देश भारत करा किंवा ‘टोनची वाट पाहा’ ही खूण काढा.

५६ के म्हणजे सेकंदाला ५६ किलोबाइट: नाही, किलोबिट. आठाने भागा, ७ किलोबाइट येतात, तेही कागदावर.

ऑफिसच्या डिजिटल एक्स्टेन्शनला मोडेम लावला तरी चालतं: चालत तर नाहीच, मोडेम जळूही शकतो. त्या छिद्राचं विद्युत गणित निराळं असतं. ॲनालॉग एक्स्टेन्शन मागा आणि बाहेरच्या लाइनचा शून्य फिरवल्यावर स्वल्पविराम टाका, म्हणजे मोडेम थोडा थांबेल.

आयएसडीएनलाही साधा मोडेम लागतो: ती घरापर्यंत खरोखर डिजिटल असलेली लाइन, ६४ किलोबिटांच्या दोन वाटांची. तिला टर्मिनल अडॅप्टर लागायचा, मोडेम नाही.

ब्रॉडबँडही त्याच एक्सचेंजच्या आवाजातून जायचं: नाही. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, ते तार तीच वापरायचं, पण बोलण्याच्या पट्ट्याच्या वरून जायचं आणि एक्सचेंजमध्ये शिरताच वेगळं काढलं जायचं. म्हणून त्याच तारेवर वेग मिळाला.

वीज कडाडली की प्लग काढला, काम झालं: टेलिफोनची तारही काढा. मृगाच्या आधीच्या वादळात मोडेम जळतात ते बहुधा त्याच वाटेने.

शेवटचा गैरसमज छोटा दिसतो, पण मला त्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते: ‘फायबर आलं, फोन लागतोय, म्हणजे अलार्मही चालू आहे.’ तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजच्या बॅटरीतून यायची. गावात लोडशेडिंग असलं तरी फोन चालू राहायचा. फायबरच्या डब्याला वीज तुमच्या भिंतीतून लागते. वीज गेली की फोन गेला आणि त्याच्या जोरावर बसलेला अलार्मही मुका झाला. नुसता ध्वनिमुद्रित निरोप वाजवणाऱ्या अलार्मला कोडेकची बाधा होत नाही, पण विजेची होते. पतसंस्था असो, सराफी दुकान असो, एखाद्या दुपारी डब्याचा प्लग काढा, अलार्म मुद्दाम वाजवा आणि ठरलेल्या मोबाइलवर खबर येते का ते पाहा. नाही आली तर त्याच आठवड्यात डब्याला आणि अलार्मला बॅटरी बसवा, किंवा बॅटरीवर चालणारा, सिमकार्डवरून थेट संदेश पाठवणारा अलार्म घ्या. बॅटरी बसवून झाल्यावर प्लग परत काढून तीच परीक्षा घ्या आणि या वेळी डबा किमान रात्रभर तग धरतो का तेही बघा.