बुंददाणा व चांद्याचें अरण्य

कॉफीच्या बीस जुन्या मराठींत ‘बुंद’ अथवा ‘बुंददाणा’ म्हणत. शब्द मूळचा अरबी. तिच्या व्यापारी जाती मुख्यतः दोन. अरेबिका सुवासिक, किंचित् आंबूस, थंड उंचीवरची. रोबस्टा कडवट, दणकट, सखल भागांतहि येणारी. विदर्भांत चिखलदऱ्यास, सुमारें ११०० मीटर उंचीवर, कॉफी होते. चांदा-गडचिरोलीकडे ती रुजली नाहीं. ह्याचा दोष पावसास देणें बरोबर नव्हे. तो तेथें पुष्कळ पडतो. परंतु आपल्याकडे कॉफी वृक्षांच्या छायेंत वाढवितात, आणि तेथील साग ऐन उन्हाळ्यांत निष्पर्ण होतो. चंद्रपुरीं पारा ४५ अंशांवर चढतो. अशा उन्हांत रोबस्टाहि करपावयाची. मोह मात्र ह्याच दिवसांत, पानें गळाल्यावर, फुलतो. तेथील वन्य लोक पहांटे वेंचतात तीं त्याचींच फुलें.