पांढरं पडलेलं काळं

नंबरप्लेटचे स्क्रू काढले, प्लेट बाजूला केली आणि मला लाजच वाटली. खाली प्लेटच्या मापाचा एक आडवा पट्टा, कोरा, काळाभोर. भोवतीचा बंपर मात्र चुलीतल्या राखेसारखा. नऊ वर्षं गाडी सोसायटीत उघड्यावर, तोंड पश्चिमेला. सोलापूरचं मे महिन्यातलं ४२-४३ अंशांचं ऊन त्या बंपरनं एकट्यानं खाल्लं होतं.

धुवायचो की! शाम्पूनं, ब्रशनं. ओला असेपर्यंत काळा, वाळला की पुन्हा पांढरा. मग एकदा खोबरेल चोळलं. चार दिवस काय झळाळी! पाचव्या दिवशी शेंदूर थापलेल्या मारुतीसारखी धुळीची पुटं चढली. मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी चकचकीत काहीतरी फासून दिलं, ते पहिल्याच पावसात ओघळून दारावर दुधट रेघा उमटल्या.

शेवटी गाड्या धुण्याच्या सेंटरवरच्या पोराला गाठलं. त्यानं बंपरवर बोट फिरवलं आणि करडी भुकटी लागलेलं ते बोट माझ्यापुढं धरलं. ‘‘काका, ही घाण न्हाई. प्लास्टिकच हाय हे.’’

कोपऱ्यात चाकावरची एक तुटकी पट्टी पडली होती. त्यानं ती उलटी केली. आतल्या बाजूला साच्यातच उमटलेली अक्षरं : पीपी+ईपीडीएम-टीडी२०. गॅरेजवाले ज्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतात, त्याची ही जन्मपत्रिका. पॉलिप्रॉपिलीन, दणका बसला तर तडकू नये म्हणून त्यात रबर, आणि २० टक्के शंखजिरं. टाल्कम पावडर ज्याची होते तेच. रंग काजळीचा. ही काजळी नुसती रंगासाठी नसते, ऊनही तीच अडवते. पण वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांपुढं तीही पुरी पडत नाही. पृष्ठभागावरच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, केसाहून बारीक भेगा पडतात, आतलं शंखजिरं उघडं पडतं. अशा खरबरीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि आपल्याला ते पांढरं दिसतं. पाणी त्या भेगा भरतं, म्हणून ओलेपणी काळं. खोबरेलाचं कसबही एवढंच.

‘‘गन मारू का?’’ म्हणत त्यानं त्याच तुटक्या पट्टीवर हीटगन धरली. राखाडी रंगावरून काळी लाट सरकत गेली, पहिल्या सरीनं डांबरी रस्ता काळा व्हावा तशी. मी थक्क. पण तो क्षणभर एका जागी थांबला आणि तिथला पृष्ठभागाचा दाणाच गेला. तुकतुकीत, वितळलेला डाग राहिला. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, गनमधून हवा येते पाचशेच्या आसपास. माझ्या गाडीला ती लावू दिली नाही. कोटिंग करायचं ठरलं.

मग रविवारी सकाळी कडुनिंबाखाली आम्ही दोघं. आधी रंगाच्या कडेनं मास्किंग टेप. क्लीनर एकास दहा पाण्यात, आणि हातात जुना टूथब्रश. या प्लास्टिकला चामड्यासारखा दाणा असतो आणि वर्षानुवर्षांचं पॉलिश त्या दाण्याच्या खाचांत पांढरं होऊन बसतं. फडकं वरून घसरतं, ब्रशचा केस आत जातो. आरशाच्या बुडाशी तर त्यानं चक्क खोडरबर काढलं आणि पॉलिशचा डाग शाळेतल्या चुकीसारखा खोडला. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघाला, दुसरा करडा, तिसरा पांढरा. धुऊन झाल्यावर त्यानं पाण्याचा शिपका मारला. पाणी पसरलं तर ठीक. थेंब गोळा झाले तर जुनं सिलिकॉन अजून चिकटून आहे. डाव्या कोपऱ्यात थेंब गोळा झाले. पुन्हा ब्रश.

दोन तास यातच गेले. वाळल्यावर अल्कोहोलनं पुसणं आणि खरं कोटिंग लावणं अर्ध्या तासात उरकलं. स्पंजावर पाच-सहा थेंब, आधी आडवा हात मग उभा, दोन मिनिटांनी जास्तीचं टिपून घ्यायचं. पद्मिनीच्या क्रोमच्या बंपरला ब्रासो घासणारे माझे वडील हे बघून हसले असते. त्या बंपरला घासलं की चमक तरी यायची. इथं घासून मिळतं ते फक्त स्वच्छ, आणखीच पांढरं प्लास्टिक, आणि काळेपणा वरून पांघरायचा. ‘‘वर्षभर काढंल,’’ पोरगा म्हणाला, ‘‘सावलीत लावली तर.’’ सोसायटीत सावलीची जागा एकच आहे आणि ती सेक्रेटरींची.

‘‘उद्यापर्यंत पाणी लावू नका.’’ म्हणून रात्री काचेवर कागद चिकटवला : गाडी धुऊ नये. आमचे गाडी पुसणारे मामा पहाटे साडेपाचला बादली घेऊन येतात.

सकाळी खाली गेलो. कागद जागेवरच होता, चिंब भिजलेला. बंपरवर पाण्याचे मणी उभे होते.