पाणी तेवढंच, मग मॅकरोनी का फुलत नाही?

दुकानातून आणलेली मॅकरोनी मूठभर घ्या आणि न उकडता तशीच तापलेल्या तेलात सोडा. आधी ती पिवळसर होईल, मग तांबूस, मग करपायला लागेल. एखाद-दुसरा फोड येईल, पण आकारात म्हणावा असा फरक पडणार नाही, आणि चावायला घेतलीत तर दात सांभाळा. आता त्याच तेलात कुरडई सोडा. तळहातावर मावणारी कुरडई पाच-सात सेकंदांत झाऱ्यावर मावेनाशी होते आणि पांढरीच्या पांढरी राहते. दोन्ही गव्हाच्याच. दोन्ही साच्यातून दाबून काढलेल्या आणि वाळवलेल्या. दोन्हींत शिल्लक राहिलेलं पाणीही जवळपास सारखंच, दहा ते बारा टक्के. मग एक फुलते आणि दुसरी दगड होते, ती का?

या प्रश्नाचं उत्तर बुलढाणा जिल्ह्यात दर उन्हाळ्यात गच्चीवर नाहीतर अंगणातल्या बाजेवर वाळत असतं. होळी झाली की उन्हाळी कामं निघतात. शेवया, पापड, सरगुंडे, सांडगे आणि सगळ्यांत कष्टाच्या कुरड्या. भेंडवळच्या घटमांडणीतही कुरडईला जागा आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, मधल्या घागरीवर पुरी, पापड, कुरडई असे पदार्थ ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला त्यांची स्थिती पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. त्या भाकितावर या लेखकाचा विश्वास नाही. कुरडईच्या बाबतीत मात्र तेल तापायच्या आधी खात्रीनं भाकीत करता येतं, कारण तिच्यात काय ठेवलंय आणि काय काढून टाकलंय, हे आपल्याला नेमकं माहीत असतं.

काढून टाकलेलं असतं ते ग्लुटेन. गव्हाच्या दाण्यात ढोबळमानानं दोन-तृतीयांश स्टार्च आणि दहा-बारा टक्के प्रथिनं असतात. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही त्यांपैकी दोन. पाणी घालून कणीक मळली की ही दोन्ही एकमेकांत गुंतून ताणली जाणारी जाळी तयार करतात आणि स्टार्चचे कण त्या जाळीत अडकून बसतात, जाळीच्या पिशवीत कांदे भरावेत तसे. पोळीला ही जाळी हवी असते, शेवईला हवी असते, पास्त्याला तर फारच हवी असते. कुरडईला ती नको.

म्हणून तर एवढा खटाटोप. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचं. दुसऱ्या दिवसापासून आंबूस वास येऊ लागतो. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागलेले असतात आणि त्या आम्लामुळे व दाण्यातल्याच विकरांमुळे प्रथिनांची स्टार्चवरची पकड सैल होते. घाई करून एकाच दिवसात गहू वाटले, तर चीक, म्हणजे गव्हातला ओला स्टार्च, कमी निघतो, ही बायांची तक्रार याच कारणानं खरी आहे. चौथ्या दिवशी गहू वाटायचे, पूर्वी पाट्यावर, आता मिक्सरवर किंवा गिरणीतून, आणि ते वाटण पाण्यात कालवून हातानं पिळायचं. पाणी दुधासारखं पांढरं होतं. फडक्यातून गाळलं की वर कोंडा आणि चिवट प्रथिनं यांचा चोथा उरतो, खाली स्टार्चचे कण असलेलं पांढरं पाणी. स्टार्च पाण्यापेक्षा जड आणि थंड पाण्यात न विरघळणारा, त्यामुळे रात्रभरात तो तळाशी बसतो. सकाळी वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकायचं. खाली घट्ट, गुळगुळीत चीक.

इटलीत बोलोन्याच्या याकोपो बेकारी या शास्त्रज्ञानं गव्हाचं पीठ पाण्याखाली धुऊन त्याचे असेच दोन भाग वेगळे केले होते. त्याचं काम १७४५ साली छापून आलं आणि ग्लुटेनचा शोध त्याच्या नावावर लागला. पण कृती त्याहून किती तरी जुनी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या कॅटोनं शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात गव्हाचा स्टार्च काढायची रीत दिली आहे. गहू दहा दिवस भिजवा, पाणी दिवसातून दोनदा घाला, कुस्करा, नव्या कापडातून पिळा, निघालेलं साय-पाणी उन्हात वाळवा आणि मग दुधात शिजवून खा. चिखलीच्या किंवा मेहकरच्या एखाद्या आजीला ही कृती वाचून दाखवली, तर ती एवढंच म्हणेल, ‘दहा दिवस कशाला हो?’

पुढचं काम चुलीजवळचं. चीक मोजून घ्यायचा, तेवढंच किंवा थोडं जास्त पाणी पातेल्यात उकळायचं, त्यात मीठ, हिंग, आणि मग एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं लाकडी दांड्यानं न थांबता घोटायचं. साधारण साठ अंश सेल्सियसच्या आसपास गव्हाच्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली स्फटिकांसारखी रचना मोडते आणि त्यांतले रेणू बाहेर सुटतात. डोळ्यांना दिसतं ते इतकंच, की दुधी पांढरा चीक पाहता पाहता अर्धपारदर्शक होतो आणि दांडा जड लागू लागतो. घोटणं थांबलं तर बाहेरून शिजलेला आणि आत कच्चा अशा गुठळ्या होतात, आणि साच्यातून काढताना त्याच गुठळ्या छिद्रात अडकतात. पोरं इथे वाट्या घेऊन हजर असतातच, गरम चिकावर दूध-साखर किंवा तेल-तिखट घालून खायला. तो मान त्यांचाच.

चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबावा लागतो. हात भाजतात, सोऱ्या फडक्यानं धरावा लागतो, तरी थांबता येत नाही. स्टार्चमधल्या सरळ साखळीच्या रेणूंना, म्हणजे अमायलोजला, थंड होता होता पुन्हा एकमेकांशेजारी रांगेत बसायची सवय असते. चीक निवला की त्याचा गोळा होतो आणि गोळ्याची तार निघत नाही. पण तीच सवय बाजेवर उपयोगी पडते. दाबून टाकलेल्या तारा थोड्याच वेळात स्वतःचा आकार धरतात, एकमेकींत विरघळून जात नाहीत.

यापुढचं काम उन्हाचं, आणि त्यात घाटाखाली आणि घाटावर असा फरक पडतो. मलकापूर, नांदुरा, खामगावकडे पूर्णेच्या खोऱ्यात एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते, की कुरडई लवकर खणखणीत होते. घाटावर बुलढाण्याला हवा जरा थंड, मग आणखी एखादं ऊन द्यावं लागतं. पाणी कमी होत जातं तसे रेणू जागच्या जागी थिजतात. त्याला शास्त्रात काचस्थिती म्हणतात. वाळलेली कुरडई अर्धपारदर्शक दिसते, वाकवली तर काड्कन मोडते, हे सगळं काचेचंच वागणं.

आता तेल. कढईत १८० ते २०० अंशांचं तेल असताना कुरडई पडते, क्षणभर बुडते. तापली की तिच्यातली काच मऊ होते आणि रबरासारखी ताणली जाऊ लागते. त्याच क्षणी आतल्या पाण्याची वाफ होते. एक मिलिलिटर पाण्याची शंभर अंशांना जवळपास १,७०० मिलिलिटर वाफ होते. ही वाफ मऊ तारांना आतून असंख्य फुग्यांनी फुगवते. तारा सुटतात, लांबतात, कुरडई उलगडत वर येते. वाफ निघून गेल्यावर फुग्यांच्या भिंतींत पाणी उरत नाही, आणि त्या पुन्हा काचेसारख्या कडक होतात, फुगलेल्या अवस्थेतच. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पाणी हळूहळू झिरपून जातं. तारा मऊ व्हायच्या आधीच आतलं इंधन संपलेलं असतं. म्हणून आधी तुकडा टाकून पाहायचा आणि तो लगेच वर आला, तरच पुढची.

आणि पांढरेपणा? तळताना पदार्थाला जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो, तो मुख्यतः अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या अभिक्रियेमुळे. फ्रान्सच्या लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. कुरडईतली प्रथिनं चोथ्यात गेली आणि सुटी अमिनो आम्लं व साखर रोज ओतलेल्या पाण्यात. रंगायला काही उरलंच नाही. ताळा हवा असेल तर भुसवड्या पाहा. काही घरी चोथा वाया न घालवता त्यात तिखट, मीठ, तीळ घालून वड्या वाळवतात. त्या तळल्या की पटकन लालसर होतात, आणि फुलायच्या बाबतीत कुरडईच्या पासंगालाही पुरत नाहीत. ज्या गव्हाची कुरडई, त्याच गव्हाच्या या वड्या. कोंडा, तिखट यांचा हात त्यात आहेच, पण प्रथिनांचाही आहे. पापड लवकर लाल होतो याचं एक कारण पापडखार. अल्कधर्मी वातावरणात मायारची अभिक्रिया वेगानं होते.

मॅकरोनीकडे परत येऊ. पास्ता बनतो ड्युरम गव्हाच्या रव्यापासून. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा, कडक दाण्याचा आणि भरपूर प्रथिनांचा. कारखान्यात रव्यात पाणी घालून तो दाबानं साच्यातून काढतात, पण यंत्रात पीठ ५० अंशांपलीकडे तापू नये याची काळजी घेतात. म्हणजे ग्लुटेनची जाळी शाबूत आणि स्टार्च कच्चा. उकडताना पास्त्याचा लगदा होऊ नये म्हणून हे मुद्दाम केलेलं असतं. कच्च्या स्टार्चची ताणता येईल अशी काच होत नाही, त्याला फुगवायला वाफेला जागाच मिळत नाही, वर ग्लुटेनची जाळी घट्ट आवळून धरते. प्रथिनं भरपूर म्हणून रंग मात्र झटकन चढतो. आपल्या शेवयांचं गणित तेच. तुपात परतल्या की खमंग तांबूस होतात, फुलत नाहीत, आणि खिरीला तेच हवं असतं. बारीक काडीभोवती कणकेची तार गुंडाळून केलेले पोकळ सरगुंडे तर सरळसरळ आपला पास्ता. ते वाफवायचे आणि आमरसासोबत खायचे. ते तळायच्या भानगडीत कुणी पडत नाही, हे शहाणपणाचंच. इटलीच्या दक्षिण टोकाला सालेन्तो भागात हरभऱ्याबरोबर पास्ता करतात, त्यातला थोडा पास्ता मुद्दाम कच्चाच तळून वर घालतात. पण तो ताज्या पिठाचा, पातळ पट्ट्यांचा, म्हणून दाताखाली कुरकुरतो.

दुकानातली मॅकरोनी कुरकुरीत तळायचीच असेल, तर तिचं कुरडईकरण करावं लागेल. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त उकडा. इटालियन लोक आत किंचित कच्चा कण ठेवतात. तळणीत तोच कण खड्यासारखा लागतो. नंतर निथळून कापडावर पसरा आणि पंख्याखाली वरचं पाणी सुकू द्या. नळीच्या पोटात पाणी राहिलं तर तेल अंगावर उडतं, तेव्हा हलवून हलवून निथळा. मग थोडं कॉर्नफ्लोर किंवा तांदळाचं पीठ भुरभुरून तळा. हे पीठ म्हणजे ग्लुटेन नसलेला बाहेरचा थर, कुरकुरीतपणा त्याच्यातून येतो. वरून तिखट, मीठ, जिरेपूड. ही लगेच खायची गोष्ट आहे, तासाभरात मऊ पडते. दुसरी वाट जास्त धीराची. उकडलेली मॅकरोनी घाटाखालच्या उन्हात कडकडीत वाळवायची आणि मग तळायची. आता स्टार्च शिजलेला आहे आणि वाळून काचस्थितीत गेला आहे, त्यामुळे ती खरोखर फुगते, बारीक फोडांनी भरते आणि बऱ्यापैकी हलकी होते. कुरडईइतकी नाही, कारण जाळी अजून आतच आहे. कुरडई खाऊन मोठं झालेल्या जिभेला ती दुय्यमच वाटणार, पण चहासोबत वाईट नाही.

मुलं बोटांत अडकवून खातात त्या पिवळ्या नळ्या याच तत्त्वावरच्या. कारखान्यात पीठ आणि स्टार्च यंत्रातच शिजवतात, साच्यातून दाबतात, दहा-बारा टक्के पाण्यापर्यंत वाळवतात आणि कच्ची नळी किलोवर विकतात. म्हणजे शिजवणं, दाबणं, वाळवणं, तळणं हा क्रम कुरडईचाच.

पावसाळ्यात डब्यातली कुरडई हवेतलं पाणी ओढून घेते. बोटांना ती मऊ लागत नाही, पण तळली की आक्रसते आणि चिवट राहते, कारण पाणी वाढल्यानं ती काचस्थितीच्या सीमेवर आलेली असते आणि फुगलेले बुडबुडे धरून ठेवायला भिंतींत कडकपणा उरत नाही. श्रावणातल्या सणाला तळायची असेल, तर आदल्या दिवशी डबा उघडून तासभर ऊन दाखवावं. ऊन नसेल तर तापवून निवत आलेल्या तव्यावर थोडा वेळ ठेवावी, आणि तळून उरलेल्या लगेच हवाबंद डब्यात भराव्यात.