जवसाचे तेल गोठत नाही, त्याची गोष्ट

कडाक्याच्या थंडीत सकाळी घरातील खोबरेल तेलाची बाटली पाहा. तेल गोठलेले असते. शेजारी जवसाच्या तेलाची बाटली असेल, तर ते मात्र पातळच असते. असे का व्हावे?

तेलातील मेदाम्ले म्हणजे मुख्यतः कार्बन अणूंच्या साखळ्या. खोबरेल तेलात बहुतेक साखळ्या संपृक्त, म्हणजे केवळ एकेरी बंधांच्या असतात. त्या सरळ असल्याने काडेपेटीतील काड्यांप्रमाणे दाटीने बसतात आणि तेल गोठते. दुहेरी बंध आला की साखळीला बाक येतो. वाकड्या काड्या नीट रचल्या जात नाहीत.

१८ कार्बन अणूंची चार मेदाम्ले घेऊ. दुहेरी बंध नसलेले स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. एक बंध असलेले ओलिइक १३ अंशांना, दोन बंधांचे लिनोलिइक उणे ५ अंशांना, तर तीन बंधांचे अल्फा-लिनोलेनिक उणे ११ अंशांना वितळते. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास हे शेवटचे आम्ल असते. त्याचा पहिला दुहेरी बंध साखळीच्या शेपटाकडून तिसऱ्या कार्बनवर येतो, म्हणून ते 'ओमेगा-३'. करडईच्या तेलातील लिनोलिइक आम्ल 'ओमेगा-६'. ही दोन्ही आम्ले आपले शरीर तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

थंड समुद्रातील माशांच्या पेशींची आवरणे गोठून कशी चालतील? त्यांत पाच-सहा दुहेरी बंध असलेली, आणखी लांब ओमेगा-३ आम्ले असतात. ती मुळात सूक्ष्म शैवाले बनवतात. मासे ती अन्नातून मिळवतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरचे बांगडा आणि तारली हे मासेही त्यांनी समृद्ध आहेत. मानवी मेंदूत व डोळ्याच्या दृष्टिपटलातही यांपैकी एक आम्ल भरपूर असते.

१९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील मासे व सील खाणाऱ्या लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला. तेव्हापासून माशाच्या तेलाचा बोलबाला झाला. मोठ्या मात्रेने रक्तातील ट्रायग्लिसराइड कमी होतात, हे खरे. परंतु अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत रोज एक ग्रॅमची गोळी घेऊन हृदयविकार व पक्षाघाताच्या एकूण प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. जाहिरात वाचताना तो आठवावा.

मग समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात काय करावे? बाजरीच्या भाकरीबरोबरची जवसाची चटणी ओमेगा-३ देतेच. मात्र शरीर त्यातून माशातली लांब आम्ले अगदी थोडीच बनवू शकते. म्हणजे जवस उत्तम अन्न आहे. पण ते माशाची पुरी जागा घेत नाही.

आता एक प्रयोग. दोन काचपट्ट्यांवर खोबरेल व जवसाच्या तेलाचा पातळ थर द्या आणि रोज निरीक्षण करा. काही दिवसांनी जवसाचे तेल चिकट होऊन त्याची साय धरू लागेल. दुहेरी बंधांजवळ हवेतील ऑक्सिजन शिरतो, म्हणूनच हे तेल रंगात वापरतात. या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो, म्हणून तो करू नका.

आणि घरी सांगा: जवस कुटून ठेवायचे तर थोडेच कुटा. ज्या बंधांमुळे ते गुणकारी, त्यांच्यामुळेच ते लवकर खवट होते.